स्मरणिका नंतर छापा, आधी कपाट उघडा

गावाकडच्या छोट्या चर्चला शंभर किंवा सव्वाशे वर्षं होत आली की आमच्यात काय होतं ते सांगतो. आधी व्हॉट्सअॅप ग्रुप निघतो, मग मुंबई-पुणेकरांची यादी होते, मग भायखळ्याला नाहीतर कल्याणला कुणाच्या तरी घरी मीटिंग, भजन, प्रार्थना, चहा, आणि शेवटी मुद्दा येतो स्मरणिकेचा. स्मरणिकेचा साचा ठरलेला. पहिल्या पानावर बिशपसाहेबांचा फोटो, मग आमदारांचा शुभसंदेश (त्यात चर्चचं नाव तरी बरोबर छापलं गेलं तर नशीब), मग दाढीवाले मिशनरी साहेब आणि त्यांनी आमच्या अडाणी पूर्वजांना अंधारातून उजेडात कसं आणलं त्याची दोन पानं, मग पाळकांची यादी सनावळीसकट, आणि उरलेल्या सगळ्या जाहिराती. मंडप डेकोरेटर, एलआयसी एजंट, स्वर्गवासी अमुक यांच्या स्मरणार्थ. झाला इतिहास.

यंदा आमच्या गावच्या चर्चची पाळी आहे. तालुका नेवासा, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, भांडणं आधीच पुरेशी आहेत. मुंबईकर म्हणून वर्गणी आमच्याकडून जास्त धरलेली असते तेव्हा बोलायचा हक्कही थोडा जास्त आहे असं समजून लिहितोय. माझं म्हणणं साधं आहे. असल्या स्मरणिकेला एक रुपया देऊ नका, तेच पैसे चर्चच्या कपाटातली जुनी रजिस्टरं वाचवायला लावा. गावातल्या ज्या माणसांची नोंद दुसरं कोणीच ठेवली नाही त्यांचा लेखी हिशेब त्या वह्यांत आहे, आणि तो आपल्याला सोयीचा असो नसो, चर्चचा इतिहास म्हणून तोच लिहिला गेला पाहिजे.

बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर मी हातात घेऊन बघितलंय. लांबट वही, जाड पुठ्ठा, पाठीला कापड चिकटवलेलं, खालचा कोपरा वाळवीने खाल्लेला. रकाने म्हणजे तारीख, नाव, बापाचं नाव, वय, गाव, जात, धंदा, बाप्तिस्मा कोणी दिला, साक्षीदार. वयाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी "अदमासे ३०", "अदमासे ४०", कारण जन्मतारीख ठाऊक असायला ती कुणीतरी लिहून ठेवावी लागते. साक्षीदारांच्या जागी अंगठे, मधेच एखादी मोडीतली सही. धंद्यात येसकर (गावच्या वेशीचा राखणदार), मोलमजुरी, दोर वळणे. आणि बायकांच्या नावापुढे धंदा म्हणून नुसती आडवी रेघ, म्हणजे जी बाई पहाटेपासून दुसऱ्याच्या रानात खुरपत होती तिच्यापुढे रेघ! पण निदान तिचं नाव तरी आहे. पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरात तिचं नाव शोधून दाखवा बरं.

मयतांची वही वेगळी. १९१८ च्या पानांवर मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ ओळीमागून ओळ दिसते, एकेका घरातली तीन-तीन माणसं एकाच आठवड्यात, अक्षर हळूहळू घाईचं होत जातं, आणि मग एका ठिकाणी अक्षरच बदलतं. आधीचं अक्षर ज्या मास्तरचं होतं त्याचं नाव त्याच पानावर थोडं खाली सापडतं. आता मला सांगा, कुठल्या स्मरणिकेत हा मास्तर आहे? पाळकांच्या यादीत तो येत नाही कारण तो पाळक नव्हता, नुसता शाळामास्तर होता.

मिशनऱ्यांचं श्रेय मी नाकारत नाहीये, उगाच तसा अर्थ काढू नका. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघे १८१३ च्या फेब्रुवारीत आपल्या मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत पाठवायच्या बेतात होतं. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या फेरीवर असताना पटकीने वाटेतच गेला. नगरला अमेरिकन मिशनचं ठाणं पडलं १८३१ ला, ज्ञानोदय तिथूनच निघाला १८४२ ला, आणि मिस फरार यांच्या नगरच्या मुलींच्या शाळा बघून आल्यावरच जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. हे सगळं खरं आहे आणि पुष्कळदा छापूनही आलंय. पण साहेब राहायचे नगरला नाहीतर नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याला बंगल्यात, आणि थंडीच्या दिवसात तंबू घेऊन खेड्यांच्या फेरीला निघायचे. मग उरलेलं वर्षभर गावात कोण होतं?

मास्तर होता. एकच खोली, आठवडाभर तीच शाळा आणि रविवारी तेच चर्च, सकाळी महार-मांगांच्या पोरांना बाराखडी आणि संध्याकाळी मोठ्यांना भजन. पगार तुटपुंजा, गावातले लोक पाणी भरू देत नाहीत, आणि आपल्याच भावकीतले म्हणतात बाटगा झाला. त्याची बायको नाहीतर एखादी विधवा बाई बायबल वूमन, म्हणजे घरोघर बायबल सांगणारी, म्हणून आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर पायी फिरायची, आणि तिला ज्या शिव्या बसायच्या त्या मास्तरला बसणाऱ्या शिव्यांपेक्षा वेगळ्या असायच्या हे सांगायला नको. बोस्टनच्या मुख्य कचेरीला जाणाऱ्या मिशनच्या रिपोर्टात ही सगळी माणसं 'नेटिव्ह हेल्पर' या एका सदरात, बऱ्याचदा नावाशिवाय, नुसता आकडा म्हणून जायची. आम्ही मात्र अजून साहेबाचाच फोटो मोठा करून छापतो.

चर्च गावात कुठं उभं आहे तेही बघा एकदा. नगर जिल्ह्यातल्या खेड्यात फिरलात तर जुनं चर्च बहुतेक ठिकाणी गावाच्या कडेला, जुन्या महारवाड्याला लागून सापडेल. वेशीच्या आत जागा कोण देणार होतं? ज्याने स्मरणिकेत "गावाच्या सुंदर निसर्गरम्य परिसरात वसलेले" असं लिहिलंय त्याला माझा साष्टांग नमस्कार.

आता दुष्काळाचा विषय, कारण तो काढला की आमचे लोक लगेच गप्प होतात आणि बाहेरचे लगेच बोलायला लागतात. पोटासाठी बाटले, हे वाक्य ऐकल्याशिवाय आमच्यातलं कुणी मोठं झालं नसेल. तांदळाचे ख्रिस्ती असंही म्हणतात, आमच्या नगरला तांदूळ कुठला हो, बाजरीचे म्हणा हवं तर. तर १८७६ ते ७८ चा दुष्काळ पडला आणि त्यानंतर खेड्यापाड्यातल्या चर्चच्या मंडळ्यांत माणसं वाढली, हे खरंच आहे, लपवायचं काय त्यात? त्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडणाऱ्याची मजुरी १८७७ मध्ये उतरवली, बाप्याला दिवसाला एक रतल (अर्ध्या किलोच्या आत) धान्य आणि वर एक आणा, आणि त्याविरुद्ध पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे तक्रारी केल्या. ही झाली ज्याला काम मिळालं त्याची गत. ज्याला गावच्या विहिरीवर एरवीसुद्धा पोहरा टाकायची मुभा नव्हती त्याने आटलेल्या विहिरींच्या साली काय केलं असेल याचा विचार ते वाक्य फेकणाऱ्यांनी कधी केलाय का? भुकेल्या माणसाला ज्याने माणूस म्हणून दारात घेतलं त्याच्याकडे तो गेला. त्यात लाज वाटायचीच तर ती ज्यांनी दार लावून घेतलं त्यांना वाटायला हवी.

आणि मिशनरी काय डोळे मिटून पाणी शिंपडत सुटले नव्हते, पोटासाठी आलेत की मनापासून हा संशय त्यांनाही होता, दुष्काळात आलेल्यांना ताटकळत ठेवल्याच्या आणि पारखून घेतल्याच्या गोष्टी त्यांच्याच कागदांत आहेत. आमच्या रजिस्टरात शेरे आहेत. "मंडळीतून नाव कमी केले, कारण जत्रेस गेला." "दुसरी बायको केली." "मागे फिरला." म्हणजे काही आले आणि परत गेले, काही एक पाय इकडे एक तिकडे ठेवून जगले, आणि बाकीचे राहिले. जे राहिले त्यांची आता पाचवी-सहावी पिढी चालू आहे, एवढी वर्षं कोण कुणाला बाजरी वाटत बसलं होतं? पण हे उत्तर द्यायचं तर आधी कबूल करावं लागतं की हो, दुष्काळात आलो. आमची स्मरणिका ते कबूल करत नाही, तिथे सगळे एका रात्रीत आत्म्याने भारले गेलेले असतात, आणि म्हणून मग टोमणा मारणाऱ्याला आमच्याकडे उत्तरच नसतं.

दुसरा झाकलेला विषय जातीचा. साधा प्रयोग करा, कुठल्याही शिकल्या-सवरल्या मराठी माणसाला चार मराठी ख्रिस्ती माणसांची नावं विचारा. रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई, पंडिता रमाबाई, फार वाचणारा असला तर बाबा पदमनजी नाहीतर नारायण शेषाद्री. मोठीच माणसं, वाद नाही. पण नगर-जालन्याच्या खेड्यातली चर्चं ज्या हजारो महार-मांग कुटुंबांच्या जिवावर उभी राहिली त्यांच्यातलं एक नाव कुणाला येत नाही. टिळकांनी स्वतः १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार काढला, परक्या मिशनच्या चौकटीबाहेर या मातीतलं काहीतरी उभं करायचं म्हणून, आणि तो त्यांचा विचार आजही वाचण्यासारखा आहे. पण ज्याला मिशनची नोकरी सोडणं परवडतच नव्हतं त्या मास्तरचं म्हणणं काय होतं, ते कुठेय? आणि चर्चच्या आतली जात? लग्न जमवताना "ते कोणते ख्रिस्ती?" असा प्रश्न आजही मुंबईत ब्लॉकमध्ये बसून विचारला जातो की नाही, छातीवर हात ठेवून सांगा. रजिस्टरातला तो जातीचा रकाना मिशनने पुढे कधीतरी छापायचा बंद केला, माणसांनी मनात चालू ठेवला.

बरं, हे कागद आहेत कुठे? अमेरिकन मिशनची पत्रं, डायऱ्या, रिपोर्ट हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन लायब्ररीत आहेत, नीट बॉक्समध्ये, कॅटलॉग करून. नेवाशाच्या खेड्यातल्या चर्चबद्दल बोस्टनला काय लिहून गेलं ते अमेरिकेतला रिसर्चर चार दिवसांत काढून वाचेल, आणि त्याच चर्चची स्वतःची वही गावातल्या गोदरेजच्या कपाटात, वर नाताळची स्टार-माळ आणि खाली तुटलेली हार्मोनियम अशा अवस्थेत. एवढंच कशाला, कमिटीला जुन्या कागदांची आठवण येते ती फक्त जमिनीसाठी. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, सहा वेगवेगळ्या परंपरांची चर्चं एकत्र आली, चांगलंच झालं, पण कोणती प्रॉपर्टी कुणाच्या ट्रस्टकडे यावरून तेव्हापासून देशभर खटले चालू आहेत, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने गुजरातमधल्या एका प्रकरणात सांगितलं की चर्चने विलीन व्हायचा ठराव केला म्हणून ट्रस्टची मालमत्ता आपोआप जात नाही. तेव्हापासून सातबारा, फेरफार, ट्रस्ट डीड यांच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स निघतात, लॅमिनेशन होतं. मयतांच्या वहीला मात्र साधी प्लास्टिकची पिशवी मिळत नाही.

आता विरोधकांचं म्हणणं, आणि ते मला खरंच अडचणीचं वाटतं. आमच्या मीटिंगमध्ये एक वडीलधारे काका म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, रजिस्टर उघडलंस तर पोरांच्या नोकऱ्या जातील." हसण्यावारी नेण्यासारखं नाहीये हे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातला तिसरा परिच्छेद म्हणतो की अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंनाच, १९५६ ला त्यात शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान आजवर बाहेर. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने सांगितलं की ही धर्माची अट काढा, काही झालं नाही, मग २०२२ ला बालकृष्णन आयोग नेमला. आणि २०२४ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने पुदुच्चेरीच्या एका बाईच्या केसमध्ये निकाल दिला की बाप्तिस्मा झालेला, चर्चला नेमाने जाणं चालू, आणि फक्त नोकरीसाठी हिंदू म्हणून एससी दाखला मागायचा, हे चालणार नाही. म्हणजे बाप्तिस्म्याची नोंद हा आता कोर्टातला पुरावा आहे. शाळेच्या दाखल्यावर एक आणि रविवारी दुसरं, असं किती घरांत आहे ते आम्हाला माहितीये, आणि ते तसं का आहे तेही माहितीये. जात धर्म बदलून जात नाही, गावात हापशीवर ती तशीच उभी असते, फक्त तिच्यावरचं सरकारी संरक्षण तेवढं जातं. अशा माणसाला लबाड म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तरीपण या भीतीचं उत्तर रजिस्टर सडू देणं हे कसं काय असू शकतं? स्कॅन करणं वेगळं आणि जगाला दाखवणं वेगळं. गेल्या शंभर वर्षांच्या नोंदी बंद ठेवा, कुलूप घाला, ज्याची नोंद त्याच्याच घरच्यांनी मागितली तर द्या. त्याआधीचं जे आहे त्यातूनही छापताना आडनावं गाळा, गावं आणि सालं ठेवा. खापरपणजोबाच्या नोंदीवरूनही आजच्या पोराला त्रास होऊ शकतो हे मला मान्य आहे, म्हणून इंटरनेटवर काहीही टाकायच्या विरोधात मीच पहिला असेन. पण प्रत तर काढून ठेवा! वाळवी काही जात पडताळणीचा निकाल लागेपर्यंत थांबत नाही. आणि उद्या एखादा आयोग विचारेल की धर्मांतर झाल्यावरही या लोकांना अस्पृश्यता भोगावी लागली याला पुरावा काय, तेव्हा याच वह्यांमधले जातीचे, धंद्याचे रकाने दाखवता येतील. काकांना हे सांगितलं तर म्हणाले बघू. बघू म्हणजे नाही, हे नगरी माणसाला समजावून सांगायला लागत नाही.

मुंबईकरांवर मात्र माझा जास्त राग आहे. मंडळीतल्या काहींना जुनी इमारत पाडून नवीन आरसीसी चर्च हवंय, आणि हा आग्रह गावातल्यांचा कमी, आमचा जास्त. काळ्या दगडाच्या भिंती, सागवानी तुळया, मंगलोरी कौलं, सगळं काढून ग्रॅनाइट, स्लायडिंग खिडक्या आणि बाहेर कोनशिला, तिच्यावर देणगीदारांची नावं. रविवारी तिथे बसणार कोण तर दहा-पंधरा म्हाताऱ्या, दोन-चार म्हातारे आणि त्यांची नातवंडं, कारण बाकीचे आम्ही इथे ट्रेन पकडतोय. त्यांना पावसात गळणारं कौल बदलून आणि बसायला बरे बाक दिले तरी पुष्कळ आहे. पण बाकावर कोनशिला लागत नाही ना.

बरं इमारत राहिली म्हणजे इतिहास राहिला असंही नाही, याचं उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. अंधेरीच्या सीप्झमध्ये, कंपन्यांच्या इमारतींच्या मधे, सेंट जॉन द बॅप्टिस्टचे अवशेष आहेत, पोर्तुगीज काळात जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधलेलं. तेव्हा ते खेड्यातलंच चर्च होतं, आजूबाजूला भातशेती. १८४० च्या सुमाराला साथ आली, लोक उठून मरोळला गेले, तिथे नवीन चर्च झालं, आणि हे ओस पडलं. पुढे ती सगळी जमीन औद्योगिक क्षेत्रात गेली, आता आत जायचं तर गेटवर परवानगी लागते, वर्षातून एकदा तिथे मिस्सा होतो. भिंती अजून बघण्यासारख्या आहेत. पण त्या साथीत कोण गेलं, कोणाच्या घरातला कोण वाचला, गाडीत काय-काय भरून मरोळला नेलं, हे भिंतीला विचारून कळत नाही. ते कुणीतरी लिहिलेलं असेल आणि ते कुणीतरी जपलेलं असेल तरच कळतं.

करायचं काम फार मोठं नाहीये खरं तर. चांगल्या उजेडात, पान न दाबता, मोबाईलने फोटो काढता येतात, त्यासाठी लाखो रुपये लागत नाहीत. मोडी वाचायला पोरं तयार करता येतील, काळा घोड्याला पुराभिलेखवाले मोडीचे वर्ग घेतात. हार्वर्डला ईमेल करून आपल्या तालुक्याच्या कागदांच्या प्रती मागवता येतील. आणि सगळ्यात घाईचं म्हणजे त्या म्हाताऱ्यांना बोलतं करणं. त्यातल्या एकीला अर्धं उपासना संगीत (आमचं भजनांचं पुस्तक) तोंडपाठ आहे आणि कुठलं भजन कुणाच्या मयतीला म्हटलं होतं तेही पाठ आहे. तिच्या पोरांना मुंबईत मराठी वाचता येत नाही, तिला वाचायची गरजच पडली नाही.

पुढच्या मीटिंगला मी लेखी प्रस्ताव देणार आहे, सगळं नाही तर निदान स्मरणिकेचं बजेट अर्धं करा आणि अर्धं रजिस्टरांना द्या, आणि तो पास होईपर्यंत वर्गणीच्या यादीत माझ्या नावापुढचा आकडा कोरा राहील. पास झालाच तर पुढची अडचण अशी की कपाटाला दोन कुलपं आहेत, एक चावी पाळकसाहेबांकडे आणि दुसरी सेक्रेटरींकडे, आणि गेल्या ईस्टरपासून त्या दोघांचं बोलणं बंद आहे.